घरचे औषध घ्यावे, पण मुदत ठरवून

मराठी कुटुंबात आजारपणाची रीतसर दखल घेतली जाते ती ताप चढला, हाड मोडले किंवा माणूस अंथरुणाला खिळला म्हणजे. पोटाची कुरकुर या दखलपात्र यादीत बसत नाही. जेवणानंतर पोट जड होणे, ढेकरा येत राहणे, दुपारनंतर छातीच्या खाली जळजळणे, सकाळी पोट साफ न झाल्याची रुखरुख दिवसभर बाळगणे, या सर्वांना आपण 'गॅस', 'पित्त' किंवा 'वात' यांपैकी एक नाव देतो आणि कामाला लागतो. स्वयंपाकघरातील ओव्याची बरणी, हिंगाची डबी आणि फडताळातील चूर्णाची बाटली एवढी सामग्री त्यासाठी पुरेशी मानली जाते. बहुतेक वेळा ती खरोखरच पुरते. प्रश्न उरतो तो ज्या वेळी ती पुरत नाही, त्या वेळेचा.

या विषयावर आपल्याकडे दोन टोकांची मते ऐकू येतात. चूर्ण-काढ्यांना अडाणी समजुतींच्या खात्यात जमा करून आम्लनाशक गोळ्यांची पट्टी खिशात बाळगणारा एक वर्ग आहे. 'आपले' औषध आहे, झाडपाल्याचे आहे, म्हणजे अपाय होणेच शक्य नाही, असे मानणारा दुसरा वर्ग आहे. आपले वाचक प्रामुख्याने या दुसऱ्या वर्गाच्या जवळचे असल्यामुळे प्रस्तुत लेखात त्यांच्याशीच अधिक बोलायचे आहे. स्वदेशी ज्ञानपरंपरेचा अभिमान असणाऱ्याने तिची शिस्तही पाळली पाहिजे, आणि ती शिस्त सांगते की, आधी निदान, मग औषध.

एकच चूर्ण, चार अजीर्णे

आयुर्वेदाने पोटाच्या तक्रारींचा विचार जितक्या बारकाईने केला, तितक्या बारकाईने आज चूर्णाची बाटली उघडणारा करतो का? जाठराग्नीचे सम, विषम, तीक्ष्ण आणि मंद असे चार प्रकार आपल्या आचार्यांनी मानले. अजीर्णाचेही आम, विदग्ध, विष्टब्ध आणि रसशेष असे भेद केले. अंग जड होऊन मळमळते ते आमाजीर्ण. आंबट ढेकरा, तहान आणि दाह असेल तर विदग्ध. पोट फुगून शूळ उठत असेल तर विष्टब्ध. ढेकर शुद्ध येते, पण अन्नाची इच्छा होत नाही, ते रसशेष. या प्रत्येकाचा उपचार वेगळा आहे. कोणाला लंघन, कोणाला शेक, तर कोणाला नुसती विश्रांती.

हिंग्वष्टक चूर्णाचेच उदाहरण घ्यावे. सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा, सैंधव, जिरे, शहाजिरे आणि हिंग अशी त्याची आठ द्रव्ये. जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर तुपात कालवून ते घ्यावयाचे असते. वायूने फुगलेल्या पोटाला ते उपयोगी पडते, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. परंतु ज्याच्या छातीत आधीच आग होते आहे, त्याने ही उष्ण-तीक्ष्ण द्रव्ये चमचा चमचा पोटात घातली, तर दाह वाढेल की शमेल? त्याला मोरावळा, धण्या-जिऱ्याचे पाणी, आमसुलाचे सार यांची वाट दाखवायला हवी. आपल्या आज्यांना हा विवेक होता. कोणत्या नातवाला ओवा चावायला द्यायचा आणि कोणाला भिजवलेल्या मनुका, हे त्यांना पुस्तक न उघडता कळत असे. बाटलीवरच्या चिठ्ठीला तो विवेक नाही. 'सर्व उदरविकारांवर गुणकारी' एवढेच तिला म्हणता येते.

चरकसंहितेच्या विमानस्थानात 'त्रिविधकुक्षीय' नावाचा अध्याय आहे. पोटाचे तीन भाग कल्पून एक घन आहारासाठी, एक द्रवासाठी आणि एक दोषांच्या हालचालीसाठी मोकळा ठेवावा, असा त्याचा आशय. यात कोठे औषध आले? पोटाच्या सौम्य तक्रारींचा मोठा भाग ताटात आणि घड्याळात दडलेला असतो. सतत प्रवासात असणारा कार्यकर्ता पाहावा. सकाळी पोटात केवळ चहा, दुपारचे जेवण साडेतीनला, रात्री बैठक संपल्यावर अकरा वाजता एखाद्या घरी आग्रहाचे जेवण आणि लगेच अंथरूण. अशा दिनक्रमावर कोणते चूर्ण उतारा ठरणार? रात्रीचे जेवण झोपेच्या दोन-तीन तास आधी उरकणे, आग्रहाला नम्रपणे नकार देणे, चहाचे कप मोजणे आणि तंबाखू सोडणे, ही या तक्रारीवरची पहिली औषधे होत. ज्यांना दूध पचत नाही आणि ताक मात्र सोसते, अशी माणसे आपल्या देशात मोठ्या संख्येने आहेत. त्यांनी रात्रीचा दुधाचा पेला थांबवून पाहिला, तरी अनेकांचे फुगणारे पोट शांत होते.

प्रयोगाच्या कसोटीवर

वनौषधींना आधुनिक विज्ञानाचा आधार नाही, हे विधान आता सरसकट करता येत नाही. इसबगोल हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण होय. जगात इसबगोलाचे सर्वाधिक उत्पादन भारतात होते, आणि गुजरातेतील उंझा ही त्याची मोठी बाजारपेठ आहे. २००९ साली हॉलंडमधील संशोधकांनी आतड्याच्या चिडखोरपणाने त्रस्त असलेल्या २७५ रुग्णांवर घेतलेली चाचणी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाली. इसबगोलाने त्यांना लाभ झाला. गव्हाच्या कोंड्याने मात्र तसा लाभ झाला नाही, उलट काहींची तक्रार वाढली. अमेरिकेतील पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ च्या आपल्या मार्गदर्शक सूचनांत विरघळणाऱ्या तंतूंची शिफारस केली, त्यात इसबगोलच अग्रस्थानी आहे. अट इतकीच की, तो भरपूर पाण्याबरोबर घ्यावा, अन्यथा फुगून घशात वा आतड्यात अडकू शकतो. आणि इतर औषधांपासून दोन तासांचे अंतर ठेवावे.

हळदीची गोष्ट तर विचार करायला लावणारी आहे. २०२३ साली थायलंडमधील डॉक्टरांनी, दुर्बिणीच्या तपासणीत काही दोष न सापडणाऱ्या अपचनाच्या २०६ रुग्णांना तीन गटांत विभागले. एका गटाला हळदीतील कर्क्युमिन, दुसऱ्याला ओमेप्राझोल आणि तिसऱ्याला दोन्ही दिले. तिन्ही गटांना जवळपास सारखाच आराम पडला. चाचणी लहान होती, अल्प मुदतीची होती आणि केवळ निष्क्रिय गोळी देण्यात आलेला स्वतंत्र गट तीत नव्हता. म्हणून तिच्यावरून मोठे निष्कर्ष काढणे योग्य ठरणार नाही. तरीही प्रश्न उरतोच. हळदीची पेठ सांगलीत आणि हळदीची परीक्षा बँकॉकात, असे का व्हावे? जखम भरण्याच्या हळदीच्या गुणावर १९९५ साली अमेरिकेत पेटंट दिले गेले, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने ते आव्हान स्वीकारले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द करवून घेतले. तो विजय आपण आजही अभिमानाने सांगतो. पण हक्क सांगून थांबणे पुरेसे नाही. ज्या ज्ञानावर हक्क सांगायचा, त्याची पुढची परीक्षाही आपणच घेतली पाहिजे.

याच प्रयोगशाळांनी आपल्या काही समजुतींना धक्काही दिला आहे. पुदिन्याच्या एका जातीचे तेल, पेपरमिंटचे, पोटऐवजी आतड्यात विरघळणाऱ्या कॅप्सूलमधून दिल्यास आतड्याची कळ कमी होते. मात्र तेच तेल अन्ननलिकेच्या तळाची झडप सैल करते, त्यामुळे ज्याला मुळात आम्ल वर येण्याचा त्रास आहे, त्याची जळजळ वाढू शकते. तसेच, व्रण हा तिखट खाण्याचा आणि चिंतेचा परिणाम, ही पूर्वापार धारणा ऑस्ट्रेलियातील रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी मोडून काढली. जठरात राहणारा 'हेलिकोबॅक्टर पायलोरी' हा जिवाणू बहुसंख्य व्रणांच्या मुळाशी असतो, हे त्यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले आणि २००५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा जिवाणू भारतात विपुल आढळतो. श्वासाच्या वा मलाच्या साध्या तपासणीने तो ओळखता येतो आणि ठरावीक दिवसांच्या प्रतिजैविकांनी जातो. जिथे त्याचे ठाणे आहे, तिथे वर्षभर चूर्ण घेत राहणे म्हणजे घरात चोर असताना दाराला तोरण बांधणे होय.

झाडपाला म्हणजे निरुपद्रवी?

'आयुर्वेदिक म्हणजे झाडपाल्याचे आणि झाडपाल्याचे म्हणजे निर्धोक' हे समीकरण आपल्या घराघरांत पक्के बसले आहे. त्याचे दोन्ही भाग चुकीचे आहेत. पित्त झाले की महाराष्ट्रात ज्या सूतशेखराचे नाव सहज तोंडी येते, त्याच्या पाठात पारा-गंधकाची कज्जली, बचनाग आणि धोत्रा आहेत. शंखवटीतही कज्जली आणि बचनाग सांगितलेले आहेत. ही द्रव्ये शास्त्रोक्त शोधनानंतर, वैद्याने मात्रा आणि काळ ठरवून द्यावयाची आहेत. औषध कायद्याच्या नियमांनुसार अशा विषारी द्रव्यांच्या कल्पांवर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' अशी सावधगिरीची सूचना छापावी लागते. ती किती जण वाचतात? बडीशेपेसारखी या गोळ्यांची देवाणघेवाण करणारी ज्येष्ठ मंडळी आपण सर्वांनीच पाहिली आहेत.

अविपत्तिकर चूर्ण 'अ‍ॅसिडिटीवर' म्हणून मागितले जाते. त्यात निशोत्तराचा वाटा मोठा, म्हणजे ते रेचक आहे, आणि साखरेचाही वाटा मोठा, हे मधुमेह्याला कोण सांगणार? पोट साफ करण्याच्या अनेक तयार चूर्णांत सोनामुखी असते. चार-आठ दिवस ती चालते. वर्षानुवर्षे घेतली तर तिच्याविना पोट साफ होत नाही अशी सवय जडते आणि शरीरातील क्षारांचा तोल ढळू शकतो. ज्येष्ठमध जठराला शामक खरे, पण त्याची अधिक मात्रा दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढतो, पोटॅशियम घटते आणि अंगावर सूज येते. मिरीतील पायपेरीन इतर औषधांचे रक्तातील प्रमाण वाढवते. त्रिकटूच्या योजनेमागे ही जाण असावी असे मानण्यास जागा आहे. परंतु ज्याच्या दिवसाला पाच ॲलोपॅथिक गोळ्या चालू आहेत, त्याच्या बाबतीत हा गुण अपाय ठरू शकतो. शोषण वाढावे म्हणून मिरीचे सत्त्व घातलेल्या हळदीच्या महागड्या कॅप्सूल घेणाऱ्या काही जणांच्या यकृताला इजा झाल्याची उदाहरणे अमेरिकेत नोंदली गेली आहेत. भाजीतील हळद वेगळी आणि तिचा अर्क वेगळा, हे यावरून ध्यानात यावे.

शुद्धतेचा प्रश्न आणखी निराळा. २००४ साली अमेरिकेतील बॉस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले. या अहवालाने आपल्याकडे मोठा संताप व्यक्त झाला. भस्मांचे शास्त्र पाश्चात्त्यांना कळत नाही, असे सांगितले गेले. त्यात काही तथ्य असेलही. पण शासनाने २००६ पासून वनौषधींच्या निर्यातीसाठी जड धातूंची तपासणी सक्तीची केली, ती आवश्यकता होती म्हणूनच ना? मग परदेशी ग्राहकासाठी जी कसोटी लावायची, तीच आपल्या आई-वडिलांच्या औषधाला कसोशीने लागते आहे की नाही, हे विचारणे द्रोह कसा ठरतो? साध्या हिंगाचीही गोष्ट तीच. बाजारातील डबीत शुद्ध हिंग थोडे आणि मैदा वा तांदळाचे पीठ व डिंक अधिक असतो. ज्याला गव्हातील ग्लूटेन सोसत नाही, अशा रुग्णाचे पोट या डबीने बिघडू शकते. शुद्ध हिंगासाठी आपण अफगाणिस्तान, इराणवर अवलंबून राहिलो. पालमपूरच्या संस्थेने ऑक्टोबर २०२० मध्ये हिमाचलातील लाहौल खोऱ्यात हिंगाची रोपे लावली, ती यासाठीच.

याचा अर्थ आम्लनाशक गोळ्यांचा मार्ग निष्कंटक आहे असा मुळीच नाही. चिठ्ठीशिवाय हाती पडणाऱ्या आणि वर्षानुवर्षे अनशेपोटी गिळल्या जाणाऱ्या या गोळ्यांनी ब-१२ जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकते. एकाएकी बंद केल्यास आम्ल उसळून येते, म्हणून माणूस त्यांना अधिकच चिकटतो. पाच मिनिटांत रुग्ण निकालात काढून गोळ्यांची पट्टी लिहून देणारे दवाखाने आहेत, म्हणूनच माणसे चूर्णाकडे वळतात, हेही मान्य केले पाहिजे. दोन्ही सवयींत दोष एकच आहे : लक्षण झाकले जाते आणि कारण तसेच राहते.

मुदत कशासाठी?

माझ्या परिचयातील एक निवृत्त शिक्षक दीड वर्ष 'पित्ता'ची औषधे घेत होते. भूक मंदावली, वजन उतरले. भेटणारे लोक 'तब्येत छान आटोपशीर झाली' असे कौतुकाने म्हणत. पुढे जिना चढताना धाप लागू लागली, तेव्हा रक्त तपासले गेले. ते अतिशय कमी निघाले. दुर्बिणीच्या तपासणीत जठराचा कर्करोग दिसला, तो शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेला. त्यांच्या चूर्णाने त्यांना आजार दिला नाही. त्याने फक्त दीड वर्ष घेतले. अशा आजारात तेवढा काळ म्हणजेच आयुष्य असते.

म्हणून प्रत्येक घराने एक मुदत ठरवून घ्यावी. सौम्य तक्रार आहे, अन्य काही लक्षण नाही, तर आहार सुधारून आणि एकच साधे औषध घेऊन दोन ते तीन आठवडे वाट पाहावी. तेवढ्यात उतार पडला नाही, किंवा औषध थांबवताच तक्रार परतली, तर वैद्य असो वा डॉक्टर, तपासून घ्यावे. काही लक्षणे मात्र ही मुदतही देत नाहीत. प्रयत्नावाचून वजन घटणे, गिळताना अन्न अडकणे, वारंवार उलटी होणे, उलटीत रक्त वा डांबरासारखी काळी शौचास होणे, रक्तक्षय, कावीळ, पोटात गाठ लागणे, रात्री झोपेतून उठवणारी वेदना, यांपैकी काहीही आढळले तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा. रक्त पडत असेल तर त्याच दिवशी. वयाच्या पंचावन्न-साठीनंतर पोटाची तक्रार प्रथमच सुरू झाली असेल, किंवा घराण्यात पोटाच्या कर्करोगाचा इतिहास असेल, तर घरगुती प्रयोग करीत बसू नये. गुडघेदुखीसाठी वेदनाशामक गोळ्या चालू असतील, तर पोटाचे दुखणे त्यांचेच असण्याचा संभव मोठा.

दोन गोष्टी आवर्जून सांगायला हव्यात. पहिली, हृदयाची. चढ चढताना छातीच्या खालच्या भागात दाटून येते, घाम फुटतो, डावा हात वा जबडा भरून येतो, ही 'गॅस'ची लक्षणे नव्हेत. ओवा-सोडा घेऊन 'थोडे पडून राहतो' म्हणणाऱ्या किती जणांना आपण असे गमावले असेल! मधुमेही आणि स्त्रिया यांच्यात तर हृदयविकार पुष्कळदा पोटाच्याच भाषेत बोलतो. दुसरी गोष्ट घरातील स्त्रियांची. सर्वांचे जेवण झाल्यावर उरलेले खाणारी गृहिणी आपल्या पोटाविषयी बोलत नाही. पन्नाशीच्या पुढे रोज पोट फुगणे, थोडे खाताच भरल्यासारखे वाटणे, ओटीपोट जड राहणे ही बीजकोशाच्या कर्करोगाचीही खूण असू शकते. हिंग लावून शेकण्यापूर्वी तिला एकदा स्त्रीरोगतज्ज्ञांकडे नेणे, हे घरातील पुरुषांचे कर्तव्य आहे.

अभिमानाची खरी कसोटी

आपल्या वनस्पतींचा मान जगात वाढला, तो घोषणांनी वाढलेला नाही. मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी सर्पगंधा रक्तदाबावर कशी काम करते, हे रुग्णांच्या नोंदी ठेवून १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडले आणि त्या मुळीकडे साऱ्या जगाचे लक्ष वेधले. के.ई.एम. रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर यांनी आधुनिक औषधशास्त्राच्या चौकटीत गुळवेलीसारख्या वनस्पती तपासल्या आणि मराठी वाचकांना त्या सोप्या भाषेत समजावूनही दिल्या. हा मार्ग कष्टाचा आहे. त्यात औषध अयशस्वी ठरण्याची शक्यता मान्य करावी लागते. पण ज्याला अपयशी ठरण्याची मुभा नाही, त्याला यशस्वी म्हणण्यातही अर्थ उरत नाही.

तेव्हा मागणी कोणाकडे आणि काय करायची? शासनाकडे ही की, देशात विकल्या जाणाऱ्या चूर्णाच्या प्रत्येक खेपेची शुद्धता तपासली जावी आणि १९५४ च्या जादूटोणासदृश औषधी जाहिरातींविरुद्धच्या कायद्याची अंमलबजावणी कागदावर राहू नये. उत्पादकांकडे ही की, बाटलीवर घटक, मात्रा, किती दिवस घ्यावे आणि केव्हा थांबवावे हे मराठीत, वाचता येईल अशा अक्षरांत छापावे. वैद्यमंडळींकडे ही की, रुग्णाचे वजन आणि रक्तातील हिमोग्लोबिन यांची नोंद ठेवावी आणि संशय येताच दुर्बिणीच्या तपासणीसाठी पाठवण्यात कमीपणा मानू नये. डॉक्टरांकडे ही की, रुग्ण कोणते चूर्ण घेतो हे तुच्छतेने न हसता विचारावे, म्हणजे तो खरे सांगेल.

आणि आपण? रोग ओळखल्यावाचून औषध देऊ नये, हा चरकाचा दंडक आहे. न जाणता वापरलेले औषध शस्त्रासारखे वा विषासारखे घातक आणि जाणून वापरलेले अमृतासारखे, असेही त्याने बजावले आहे. चूर्णाची बाटली आणली की तिच्यावर आजची तारीख लिहावी. तीन आठवड्यांनी ती पुन्हा वाचावी, आणि तक्रार तशीच असेल तर बाटली बाजूला ठेवून तपासणीला निघावे.